घरबसल्या एलएलबी? भोकरच्या विद्यार्थ्यांनी आधी हे वाचावं

भारतात वकिलीची सनद मिळवून देणारी एलएलबी दूरशिक्षणाने होत नाही. टपालाने नाही, ऑनलाइन नाही, ‘नुसतं परीक्षेला या’ या बोलीवरही नाही. हे पहिल्याच ओळीत सांगतो, कारण एवढी एक गोष्ट वेळेवर कानावर न पडल्यामुळे माणसांची तीन-तीन वर्षं जातात आणि घरच्यांनी सोयाबीन विकून जमवलेला पैसाही जातो.

तरीही भोकर, हिमायतनगर, उमरी, किनवट या पट्ट्यात हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला आळशी ठरवणं अन्यायाचं आहे. कोणी दिवसभर कृषी सेवा केंद्रात बसतो. कोणी अंगणवाडीत काम करते. कोणाचं लग्न झालंय, मूल लहान आहे, पण वडिलांच्या जमिनीच्या वादात कोर्टाच्या पायऱ्या चढताना वकील होण्याची इच्छा मनात बसली ती बसलीच. भोकरला न्यायालय आहे. हैदराबाद राज्याच्या १९५२ च्या मंत्रिमंडळात गृहखातं सांभाळलेल्या दिगंबरराव बिंदू यांच्या नावाचं महाविद्यालय आहे, तिथे कला, वाणिज्य, विज्ञान शिकता येतं. कायद्याच्या वर्गासाठी मात्र नांदेडची वाट धरावी लागते, म्हणजे एका बाजूचे पन्नास-पंचावन्न किलोमीटर. अशा माणसाला ‘घरबसल्या एलएलबी’ ही जाहिरात दिसली तर त्याचा हात फोनकडे जाणारच. म्हणून नुसतं ‘होत नाही’ म्हणून थांबणं पुरेसं नाही. का होत नाही, त्यातलं दूरशिक्षणाने काय होऊ शकतं आणि भोकरमध्ये राहून वकील व्हायचं तर पावलं कोणत्या क्रमाने टाकायची, हे सगळं नीट पाहायला हवं.

नियम काय म्हणतो

वकील कोणाला होता येईल, हे १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने ठरतं. त्याच्या कलम २४ मध्ये मुख्य अटी आहेत: भारताचं नागरिकत्व, वयाची २१ वर्षं पूर्ण आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेली कायद्याची पदवी. ही मान्य पदवी कशी मिळवायची, ते बार कौन्सिलच्या २००८ च्या कायदेशिक्षण नियमांत लिहिलंय. नियमित अभ्यासक्रम म्हणजे रोज किमान पाच तासांचे वर्ग, वर अर्ध्या तासाची मधली सुट्टी, आणि आठवड्याला किमान तीस तास. प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी नसेल तर त्या विषयाच्या सत्र परीक्षेला बसता येत नाही. खरीच अडचण असेल तर प्राचार्य एखाद्या विषयात ६५ टक्क्यांपर्यंत सवलत देऊ शकतात, पण तेव्हाही सगळे विषय मिळून ७० टक्के भरावेच लागतात.

दुसरीकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या दूरशिक्षण व ऑनलाइन शिक्षणाच्या नियमांत जे विषय दूरस्थ पद्धतीने शिकवायला मनाई आहे, त्यांत वैद्यक, अभियांत्रिकी, औषधनिर्माण यांच्याबरोबर कायदाही आहे. १९८५ साली सुरू झालेल्या इग्नूत आणि १९८९ साली सुरू झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात इतके अभ्यासक्रम असूनही एलएलबी नाही, याचं कारण हेच.

जगात सगळीकडे असं नाही. लंडन विद्यापीठ एकोणिसाव्या शतकापासून बाहेरच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेत आलंय आणि त्यांची कायद्याची पदवी आजही दुरून करता येते. नेल्सन मंडेला यांनी तुरुंगात बसून कायद्याचा अभ्यास चालू ठेवला आणि १९८९ साली दक्षिण आफ्रिका विद्यापीठाची एलएलबी पत्राद्वारेच पूर्ण केली. पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातल्या नातेवाइकांकडून अशी उदाहरणं ऐकू येतात आणि मन भरकटतं. ती पदवी ज्ञानासाठी घ्यायला कोणाचीच हरकत नाही. पण दुरून घेतलेल्या परदेशी पदवीवर इथल्या बार कौन्सिलकडून सनद मिळत नाही, आणि भोकरच्या न्यायालयात उभं राहायला सनदच लागते.

मला स्वतःला हजेरीची अट मुळात योग्य वाटते. कायद्याच्या अभ्यासक्रमात मूट कोर्ट, दावे-अर्जांचा मसुदा, तडजोड आणि मध्यस्थी, वकिलीची नीतिमत्ता असे प्रात्यक्षिकाचे विषय सक्तीचे आहेत. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. उलटतपासणीत पुढचा प्रश्न कधी विचारायचा नाही, हे पुस्तकात वाचून कळत नाही. ज्याच्या हातात माणसाची जमीन, पोटगी किंवा जामीन येणार आहे, त्याने तीन वर्षं वर्गात आणि कोर्टात बसून शिकावं ही अपेक्षा रास्तच आहे. वेळापत्रक कोणाच्या सोयीने लावायचं, हा मात्र वेगळा प्रश्न आहे, त्याकडे पुढे येतो.

दोन प्रकारची फसवणूक

पहिला प्रकार ओळखायला सोपा असतो. एखादं दूरचं विद्यापीठ, चकचकीत माहितीपत्रक, ‘एक वर्षात एलएलबी’ किंवा ‘जुन्या तारखेची पदवी’. अशा ठिकाणी पैसे भरणारा नुसता फसत नाही, खोट्या कागदावर सनद मागितली तर गुन्ह्यातही अडकतो. पूर्वी काही विद्यापीठं पत्राद्वारे बीजीएल नावाची कायद्याची सामान्य पदवी देत. ती खरी असली तरी तिच्यावर सनद मिळत नसे. घरात कोणा काका-मामांनी ती केलेली असते, आणि ‘आमच्या वेळी होत होतं’ असं ते खऱ्या मनाने सांगतात. त्यांची पदवी वेगळी होती, एवढं लक्षात ठेवलं म्हणजे झालं.

दुसरा प्रकार जास्त घातक आहे, कारण त्यात महाविद्यालय खरं असतं आणि मान्यताही खरी असते. एजंट सांगतो, ‘नॉन-अटेंडिंग करून देतो, हजेरीचं आम्ही बघतो.’ जिल्ह्याबाहेरची, कधी राज्याबाहेरची नावं सुचवली जातात. विद्यार्थी भोकरमध्ये दुकान सांभाळतो आणि कागदावर शेकडो किलोमीटरवरच्या वर्गात हजर असतो. हा व्यवहार वर्षानुवर्षं खपत आला म्हणून लोकांना तो रीतसर वाटू लागलाय. पण बार कौन्सिलने सप्टेंबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून कायदा महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी आणि कॅमेरे लावायला सांगितलं. विद्यार्थ्याकडून प्रतिज्ञापत्रही मागितलं: दुसरी नियमित पदवी चालू आहे का, नोकरी आहे का, असेल तर मालकाचं ना-हरकत आहे का, गुन्हा नोंद आहे का. खोटं लिहिलं तर पदवी आणि सनद दोन्ही अडचणीत येतात. आधीच सनद घेतलेल्या वकिलांच्याही पदव्या तपासल्या जात आहेत. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. म्हणजे दहा वर्षं वकिली केल्यावरही जुना खोटेपणा समोर येऊ शकतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका विद्यार्थ्याच्या आत्महत्येच्या प्रकरणात, केवळ हजेरी कमी म्हणून कायद्याच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखू नये, असं म्हटलं आणि हजेरीच्या नियमांचा फेरविचार करायला सांगितलं. त्याची बातमी दाखवून ‘आता हजेरी लागतच नाही’ असं सांगणारे एजंट पुढे येतील. तो निकाल विद्यार्थ्यांचा छळ थांबवण्यासाठी आहे. वर्गात कधीच न जाता पदवी मिळवायची मुभा त्यातून निघत नाही.

प्रवेशाआधी एवढं तपासा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर मान्य कायदा महाविद्यालयांची राज्यवार यादी असते, तिच्यात नाव आहे का आणि मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे, हे पाहा. महाराष्ट्रातलं महाविद्यालय असेल तर राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाच्या, म्हणजे सीईटी सेलच्या यादीतही ते असायला हवं. फोनवर एकच प्रश्न विचारा: ‘वर्ग किती वाजता भरतात आणि हजेरी कशी घेता?’ उत्तरात वेळ सांगण्याऐवजी ‘त्याची काळजी नको’ असं आलं, तर तिथे पैसे भरू नका.

दूरशिक्षणाने काय चालतं

एलएलबीच्या आधीचं शिक्षण दूरशिक्षणाने झालेलं चालतं, आणि ही गोष्ट भोकरच्या माणसाच्या फार उपयोगाची आहे. बारावी किंवा पदवी पत्राद्वारे अथवा दूरस्थ पद्धतीने घेतली असली तरी कायद्याच्या प्रवेशाला तो पात्र ठरतो, असं २००८ च्या नियमांतच लिहिलंय. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची बीए किंवा बीकॉम करून एलएलबीला जाता येतं. इग्नूचंही तसंच.

पण याच नियमाखाली एक स्पष्टीकरण आहे, आणि तिथे माणसं ठेचकाळतात. ज्याने मूळ पात्रता नसताना थेट मुक्त विद्यापीठातून बारावी, पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण घेतलं, तो कायद्याच्या प्रवेशाला पात्र नाही. समजा, भोकरच्या एका मुलीची शाळा दहावीनंतर सुटली. लग्न झालं. पुढे तिने मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी शिक्षणक्रम केला आणि त्याच्या आधारावर बीए झाली. ती बीए खरी आहे, सरकारी कामात तिचा उपयोगही होतो. पण बारावी न करता थेट पदवीला गेल्यामुळे एलएलबीचा अर्ज छाननीत अडकतो. या स्पष्टीकरणाची भाषा मला फार कठोर वाटते. शाळा सुटलेल्या बायकांसाठीच तर मुक्त विद्यापीठं निघाली. पण नियम आज असा आहे, म्हणून क्रम सांभाळणं आपल्या हातात आहे.

ज्यांची बारावी राहिलीय त्यांनी आधी बारावी करावी. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या परीक्षा देता येते. नांदेड जिल्हा मंडळाच्या लातूर विभागात येतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतूनही, दहावीच्या पायावर, बारावी करता येते. बारावी झाली की मग पदवी. ती भोकरच्या महाविद्यालयात करा किंवा मुक्त विद्यापीठातून करा, पण दहावी, बारावी, पदवी हा क्रम मोडू देऊ नका. पूर्वतयारीवर बीए आधीच झालेली असेल, तर सीईटीचा अर्ज भरण्याआधी विद्यापीठाच्या पात्रता विभागाला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या.

एलएलबी चालू असताना दुसरी नियमित पदवी करता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली खरी, पण कायद्याच्या विद्यार्थ्यांना बार कौन्सिलचा नियम ६ लागू राहतो. त्यात सूट आहे ती भाषा किंवा संगणकाच्या छोट्या प्रमाणपत्रांना आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रातल्या अभ्यासक्रमाला. म्हणजे नांदेडला नियमित एलएलबी करताना दुरून एमए चालतं. उलट, दुरून एलएलबी आणि नियमित एमए हे कधीच चालत नाही.

गुण आणि प्रवेश परीक्षा

पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या एलएलबीसाठी पदवीला आणि बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी बारावीला किमान गुण लागतात. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, इतर मागास व भटक्या विमुक्तांना ४२ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. बारावी कोणत्याही शाखेची चालते. ४४.९ म्हणजे ४५ धरले जातील, या आशेवर अर्ज भरू नका. थोड्यासाठी गुण कमी पडत असतील तर विद्यापीठाच्या श्रेणीसुधार परीक्षेची चौकशी करा. पदवीला श्रेणी असतील, टक्के नसतील, तर टक्केवारीत रूपांतर केलेलं विद्यापीठाचं प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. हे पत्र ऐन प्रवेशाच्या आठवड्यात मिळवायला गेलेल्याचा जीव मेटाकुटीला येतो.

वयाची अडचण सध्या नाही. बार कौन्सिलने पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला ३० वर्षांची कमाल मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तिला स्थगिती दिली आणि तेव्हापासून वयाच्या कारणाने प्रवेश अडत नाही. पंचेचाळिशीतल्या माणसाने लाजू नये. जमिनीचे कागद, सात-बारा, फेरफार यांतलं त्याला जे कळतं, ते बाविशीच्या मुलाला अजून शिकायचं असतं.

महाराष्ट्रात एलएलबीचा प्रवेश राज्याच्या सीईटीतून होतो. तीन वर्षांच्या आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमांच्या परीक्षा वेगळ्या असतात. परीक्षा संगणकावर होते, प्रश्न मराठीत आणि इंग्रजीत असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. कायद्याचा कल, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, तर्क आणि इंग्रजी असे भाग असतात. इंग्रजीचा भाग मोठा असतो, आणि आपल्या भागातल्या मुलांना धाक वाटतो तो त्याचाच. रोज अर्धा तास इंग्रजी वर्तमानपत्राचं एक पान वाचलं, न कळलेले शब्द वहीत लिहिले, तर सहा महिन्यांत फरक दिसतो. महागडा क्लास लावायची गरज नाही, हे मी ठामपणे सांगतो. पात्रतेपुरते तर शून्याहून अधिक गुण पुरतात, पण जवळचं महाविद्यालय हवं असेल तर चांगले गुण हवेत, कारण जागा गुणवत्तेने भरतात. नांदेड सोडून दूर जावं लागलं, तर भोकरच्या विद्यार्थ्यासाठी सगळं गणितच बदलतं.

अर्ज साधारण हिवाळ्यात निघतात आणि परीक्षा उन्हाळ्यात होतात. पदवीच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थीही परीक्षेला बसू शकतो, निकाल प्रवेशाच्या वेळी हातात असावा लागतो. परीक्षेनंतर कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या होतात. अनेकांना वाटतं, सीईटी दिली की काम झालं. कॅपसाठी वेगळी नोंदणी, कागदांची छाननी आणि महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरावा लागतो. तो न भरल्यामुळे चांगले गुण असूनही घरी बसलेली मुलं दरवर्षी दिसतात.

कागदपत्रांची तयारी दिवाळीच्या आसपास सुरू करा. दहावी, बारावी आणि पदवीची गुणपत्रकं, टीसी, अधिवासाचा दाखला, मध्ये शिक्षण सुटलं असेल तर खंडाचं प्रतिज्ञापत्र. राखीव जागेसाठी जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तिथे नॉन क्रिमीलेअर. सगळ्यात जास्त वेळ जातो तो वैधतेला. प्रस्ताव जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडे जातो आणि आदिवासी विद्यार्थ्यांची समिती वेगळी असते. मराठा कुटुंबांत सध्या एसईबीसीचा दाखला वापरायचा की हैदराबाद गॅझेटच्या नोंदीवरून निघालेला कुणबी दाखला, यावर घरोघरी चर्चा चालते. अर्ज भरण्याआधी निर्णय करा, आणि ज्या दाखल्याची वैधता हातात येण्याची खात्री आहे, त्याच्यावरच अर्ज भरा.

भोकरहून रोजचं जाणं-येणं

जवळचे पर्याय असे. नांदेडला शारदा भवन एज्युकेशन सोसायटीचं नारायणराव चव्हाण विधी महाविद्यालय आहे. लातूरला दयानंद विधी महाविद्यालय आणि परभणीला शिवाजी विधी महाविद्यालय आहे. तिन्ही स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची. भोकरमध्ये राहून रोज जमेल ते नांदेडच. लातूर-परभणी घ्यायचं तर खोली किंवा वसतिगृह धरूनच हिशोब करा.

मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावर भोकर स्टेशन आहे आणि एसटीही आहे. एसटीचा विद्यार्थ्यांचा सवलतीचा मासिक पास काढा. महिलांना तर मार्च २०२३ पासून तिकिटातच अर्धी सवलत आहे. हिशोब असा मांडा: आठवड्यात सहा दिवस वर्ग असतील तर ७० टक्के हजेरीसाठी दर आठवड्याला चार दिवसांहून थोडं जास्त जावं लागतं. सोयाबीनची काढणी, घरातलं लग्न, आजारपण यांत काही आठवडे जातातच, म्हणून सत्राच्या सुरुवातीला पाच-पाच दिवस जाऊन हजेरीची शिल्लक करून ठेवावी. खोलीभाडं आणि खाणावळ यांच्यापेक्षा पास स्वस्त पडतो, पण रोजचे अडीच-तीन तास प्रवासात जातात. रेल्वेत बसायला जागा मिळाली तर वाचन होतं, एसटीत होत नाही. परीक्षेच्या महिन्यात दोघा-तिघींनी मिळून नांदेडला खोली घेतली तर ते पैसे वाया जात नाहीत.

वेळापत्रकाचा प्रश्न इथे येतो. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वर्ग सकाळी आठ ते संध्याकाळी सात या वेळेत घेता येतात. एवढ्या मोठ्या अवकाशात किनवट, भोकर, धर्माबादकडून येणाऱ्या मुला-मुलींच्या गाड्या पाहून तासिका लावणं शक्य आहे. पहिला तास गाडी पोहोचण्याआधी सुरू होत असेल, तर प्रवास करणारा विद्यार्थी मन लावून शिकूनही एका विषयात हजेरीला मार खातो. विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन प्राचार्यांना लेखी निवेदन द्यावं. ही मागणी करताना संकोच नको. घरबसल्या पदवी मागण्यापेक्षा पोहोचता येईल असा वर्ग मागणं जास्त न्याय्य आहे, आणि ते मिळूही शकतं.

नोकरी करणाऱ्यांनी प्रवेशाआधी कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी. दहा ते सहा नोकरी आणि त्याच वेळेचे वर्ग, हे दोन्ही कागदावर दाखवलं तर कधीतरी एक खोटं ठरेल. रजा किती, वर्ग कधी, हे जुळत नसेल तर थांबा. आणखी एक गोष्ट जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ध्यानात घ्यावी: पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नाही. एलएलबी झालात तरी सनद नोकरी सोडल्यावर किंवा निवृत्तीनंतरच. निवृत्तीला चार-पाच वर्षं असताना एलएलबी करून ठेवणं हा काहींसाठी चांगला बेत असू शकतो.

फीसाठी महाडीबीटीवर अर्ज भरा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि इतर मागास प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅपच्या फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून गेलात तर ही सवलत हुकते. अनुसूचित जाती-जमातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना वसतिगृह मिळालं नाही, तर राहण्या-जेवण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. ज्या मुलीला घरातून ‘फी कुठून आणायची’ म्हणून अडवलं जातं, तिने हे कागद वडिलांसमोर ठेवावेत.

ज्यांना वर्गात जाणं खरंच शक्य नाही

काहींना रोज जाणं जमणारच नाही. त्यांनी मनाला लावून न घेता कायद्याजवळचं, मान्य आणि उपयोगी शिक्षण दुरून घ्यावं. इग्नूत पॅरालीगल प्रॅक्टिसची पदविका, मानवी हक्क आणि ग्राहक संरक्षण यांची प्रमाणपत्रं आहेत. पदवीधरांना हैदराबादच्या नालसार आणि बंगळूरच्या राष्ट्रीय विधी शाळेच्या दूरस्थ पदव्युत्तर पदविका घेता येतात. यांतल्या कशावरही सनद मिळत नाही. पण बचत गट, ग्रामपंचायत, सहकारी संस्था, पत्रकारिता यांत काम करणाऱ्याला त्या रोज उपयोगी पडतात. एलएलएमच्या बाबतीतही सावध राहा. दुरून किंवा ऑनलाइन एलएलएम देणाऱ्यांविरुद्ध बार कौन्सिलने २०२५ मध्ये इशारा दिलाय.

यापेक्षा जवळचा मार्ग म्हणजे विधी स्वयंसेवक होणं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तालुक्याच्या न्यायालयापर्यंत विधी सेवा समित्यांची व्यवस्था केलीय. जिल्हा प्राधिकरण साधारण लिहिता-वाचता येणाऱ्या, समाजात मिसळणाऱ्या माणसांना निवडतं, प्रशिक्षण देतं आणि कामाच्या दिवसांचं मानधन देतं. मोफत वकील कसा मिळतो, लोकअदालतीत प्रकरण कसं ठेवायचं, हे गावात समजावून सांगायचं. पुढे वकील व्हायचं असेल त्याने हे काम एलएलबीच्या आधी करून पाहावं. कोर्टाची भीती जाते, आणि आपल्याला हे काम खरंच हवंय का, हेही कळतं.

पदवीनंतर सनद

एलएलबी झाल्यावर सनदेसाठी बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांच्याकडे अर्ज करायचा असतो. इथेही पैशांच्या बाबतीत पूर्वी फार ओढाताण व्हायची, राज्या-राज्यांत हजारो रुपये घेतले जात. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी निकाल दिला की कायद्यात लिहिलंय तेवढंच नोंदणी शुल्क घ्यायचं: सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये. मुद्रांक शुल्क लागू असेल तेवढं वेगळं. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते. ती २०१० पासून आहे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ती वैध ठरवली. मराठीतून देता येते, टिपणं नसलेले मूळ कायदे सोबत नेता येतात. सर्वसाधारण व इतर मागास उमेदवारांना ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. सनदेचा अर्ज करताना आणखी रक्कम मागितली, तर ती कोणत्या नियमाखाली आहे ते विचारा आणि भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या.